लिथुआनियातले लिबरल पक्ष: १८ जागांवरून शून्यावर कसे आले?

गोदाकाठचा_वाचक (नाशिक)

नमस्कार मंडळी. गंगापूर रोडवरच्या आमच्या अभ्यास गटात "छोटे पक्ष का टिकत नाहीत" या विषयावर पाऊण तासाचं सत्र आहे. आपल्याकडची उदाहरणं सगळ्यांना तोंडपाठ आहेत. ती घेतली की दहाव्या मिनिटाला चर्चा पक्षांवरून माणसांवर घसरते. म्हणून बाहेरचं एक घ्यायचं ठरलं: लिथुआनियाची लिबरल अँड सेंटर युनियन. २००४ मध्ये त्यांच्या संसदेत, म्हणजे सेइमासमध्ये, १४१ पैकी १८ जागा. २०१२ मध्ये एकही नाही.

अडचण अशी की तिथे लिबरल युनियन, लिबरल अँड सेंटर युनियन, लिबरल मूव्हमेंट, फ्रीडम युनियन, फ्रीडम पार्टी अशी एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी नावं आहेत. कोण कोणातून फुटलं आणि कोण कोणात मिसळलं, हे कोणी नीट लावून देईल का? आणि कारण नेमकं काय धरायचं? भ्रष्टाचाराचे आरोप, फूट, की संसदेत यायला लागणारी ती पाच टक्के मतांची अट? फक्त "नेत्यांचा अहंकार" एवढ्यावर सत्र संपवायचं नाही.

पंचवटी_एक्स्प्रेस

आधी वंशावळ लावून घ्या, नाहीतर पुढचं काहीच हाती लागत नाही.

मूळ पक्ष लिबरल युनियन, १९९० चा. दहा वर्षं तो राजधानी विल्न्युसमधल्या शिकलेल्या मंडळींचा छोटा गटच राहिला. १९९२ आणि १९९६ या दोन्ही निवडणुकांत पाच टक्क्यांच्या बऱ्याच खाली. तो मोठा झाला तो रोलांडास पाक्सास यांच्यामुळे. पाक्सास मूळचे लिबरल नव्हेत, कन्झर्वेटिव्ह पक्षाचे. विल्न्युसचे महापौर होते, मग १९९९ मध्ये पंतप्रधान झाले. माझेइकियाई इथला तेलशुद्धीकरण कारखाना अमेरिकेच्या विल्यम्स कंपनीला विकायच्या करारावर सही करणार नाही म्हणून त्यांनी पद सोडलं आणि एका रात्रीत लोकप्रिय झाले. त्याच वर्षाच्या शेवटी ते लिबरल युनियनमध्ये आले आणि अध्यक्षच झाले. २००० च्या निवडणुकीत पक्षाला १७ टक्क्यांच्या वर मतं आणि तिसांवर जागा मिळाल्या. पाक्सास पुन्हा पंतप्रधान.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दहा वर्षांत पक्षाने जे कमावलं नाही ते एका माणसाने दहा महिन्यांत आणून दिलं. त्या मतांत लिबरल विचाराची किती आणि पाक्सास यांची किती, हे पक्षातल्या कोणी मोजलं नाही. जून २००१ मध्ये सरकार पडलं, कारण आघाडीतली न्यू युनियन बाजूला होऊन सोशल डेमोक्रॅट ब्राझाउस्कास यांच्याबरोबर गेली. पाक्सास बाहेर पडले आणि २००२ मध्ये त्यांनी स्वतःचा लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष काढला. जानेवारी २००३ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले. ६ एप्रिल २००४ रोजी महाभियोगाने पदावरून दूर झाले. महाभियोगाने हटवलेले ते युरोपातले पहिले राष्ट्रप्रमुख. त्यांच्या पक्षाचं नाव पुढे ऑर्डर अँड जस्टिस झालं आणि लिबरल विचाराशी त्याचा संबंध उरला नाही.

मागे राहिलेल्या लिबरल युनियनने २००३ मध्ये सेंटर युनियन आणि मॉडर्न ख्रिश्चन डेमोक्रॅट्स या दोन छोट्या पक्षांशी विलीनीकरण केलं. तुमची लिबरल अँड सेंटर युनियन ती हीच. अध्यक्ष आर्तूरास झुओकास. पाक्सास पंतप्रधान झाल्यावर विल्न्युसचं रिकामं झालेलं महापौरपद यांच्याकडे आलं होतं. २०११ मध्ये सायकलच्या वाटेवर लावलेल्या मर्सिडीजवरून चिलखती गाडी नेल्याचा ज्यांचा व्हिडिओ जगभर फिरला, ते महापौर हेच.

२००६ मध्ये पक्ष फुटला. पेत्रास आउश्त्रेविचियुस, एलिगियुस मासिउलिस वगैरे मंडळी बाहेर पडली आणि लिबरल मूव्हमेंट झाली. मूळ पक्ष २०१२ मध्ये संसदेतून गेला. २०१४ मध्ये तो झुओकास यांनी मधल्या काळात वेगळा काढलेल्या 'ताइप' या पक्षाशी मिसळून फ्रीडम युनियन झाला. २०२० मध्ये ही फ्रीडम युनियन आणि पाक्सास यांनी काढलेली ऑर्डर अँड जस्टिस (पाक्सास स्वतः तोवर तिच्यातून बाहेर पडले होते) एकत्र येऊन फ्रीडम अँड जस्टिस झाली. म्हणजे २००१ मध्ये तुटलेले दोन तुकडे एकोणीस वर्षांनी पुन्हा जुळले, पण तोवर दोघांकडचे मतदार निघून गेले होते.

फ्रीडम पार्टी या सगळ्याहून वेगळी. ती २०१९ मध्ये लिबरल मूव्हमेंटमधून फुटली. फ्रीडम युनियन आणि फ्रीडम पार्टी यांची गल्लत करू नका, फळ्यावर दोन वेगळ्या रंगांत लिहा.

आकडेमोड_सिडको

वंशावळ बरोबर आहे. मी गणित मांडतो, कारण "फूट पडली म्हणून हरले" हे बहुतेक लेखांत असतं आणि २००८ चे आकडे पाहिले की ते तसंच्या तसं टिकत नाही.

पद्धत आधी. १४१ जागांपैकी ७१ एकल मतदारसंघ, ७० जागा देशभरच्या पक्षयादीतून. मतदाराला दोन मतपत्रिका मिळतात. यादीवर पक्ष निवडायचा, आणि हवं तर त्यातल्या पाच जणांना पसंती द्यायची, म्हणजे यादीतला क्रम मतदार बदलू शकतो. एकल मतदारसंघात कोणाला स्पष्ट बहुमत नसेल तर पहिल्या दोघांत दोन आठवड्यांनी दुसरी फेरी. यादीतून जागा मिळवायला पक्षाला ५ टक्के लागतात, आघाडी करून लढलात तर ७ टक्के.

आता एक बारीक अट, जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हे ५ टक्के वैध मतांच्या नव्हे, मतदानाला आलेल्या सगळ्या मतदारांच्या हिशेबाने धरतात. बाद मतपत्रिकाही भाजकात येतात. म्हणून वैध मतांत ५.१ टक्के दिसणारा पक्षही बाहेर राहू शकतो.

जागावाटप असं: उंबरठा ओलांडलेल्या पक्षांची मतं एकत्र करायची, ७० ने भागायचं, आलेला आकडा म्हणजे एका जागेची किंमत. प्रत्येक पक्षाच्या मतांत ती किंमत पूर्ण जितक्या वेळा बसते तितक्या जागा. उरलेल्या जागा ज्यांची शिल्लक मोठी त्यांना.

२००८ करून बघू. सात पक्ष आत आले, त्यांची बेरीज साधारण ७९ टक्के. ७९ भागिले ७०, म्हणजे एक जागा १.१३ टक्क्यांना.

लिबरल मूव्हमेंट ५.७३ टक्के. १.१३ पाच वेळा पूर्ण बसतो, शिल्लक जवळपास काही नाही. जागा ५.

लिबरल अँड सेंटर युनियन ५.३४ टक्के. चार वेळा पूर्ण बसतो, शिल्लक मोठी. त्या शिलकीवर पाचवी जागा. जागा ५.

एकल मतदारसंघांत मूव्हमेंटला ६, युनियनला ३. एकूण ११ आणि ८, बेरीज १९.

आता २००४ शी ताडून बघा. तेव्हा पक्ष एकसंध होता, मतं ९.१९ टक्के, यादीतून ७ आणि एकल मतदारसंघांतून ११, एकूण १८. म्हणजे फुटल्यावर दोघांना मिळून एक जागा जास्तच मिळाली. मतंही ९ वरून ११ टक्क्यांवर गेली. फुटीचा तोटा २००८ मध्ये दिसलाच नाही. घात झाला तो इथेच, असं माझं ठाम मत आहे. दोन्हीकडच्या नेत्यांनी "आपलं वेगळं चालतंय" असा निष्कर्ष काढला. प्रत्यक्षात वैध मतांच्या हिशेबाने धरलं तरी एक पक्ष जेमतेम ०.३४ टक्के आणि दुसरा ०.७३ टक्के एवढ्या फरकाने काठावरून आत आला होता.

काठावरच्या पक्षाची गोष्ट अशी की ५.३ चे ४.९ झाले तर पाच जागांच्या चार होत नाहीत, पाचाच्या शून्य होतात. मोठ्या पक्षाची अर्धा टक्का मतं गेली तर त्याच्या अर्धी जागा कमी होते. छोट्याचा तोच अर्धा टक्का सगळी यादी घेऊन जातो.

२०१२ मध्ये तेच झालं. मूव्हमेंट ८.५७ टक्के, १० जागा. युनियन २ टक्क्यांच्या आसपास, झुओकास यांचा ताइप पक्ष त्याहून थोडा खाली. दोघांनाही शून्य. लिबरल नाव लावणाऱ्या तिघांची बेरीज १२ टक्क्यांच्या वर जाते, म्हणजे २००४ पेक्षा जास्त. त्यातली जवळजवळ ४ टक्के मतं एकही जागा न देता वाया गेली.

तुमच्या सत्राला एकच तक्ता न्यायचा असेल तर हा न्या. २००४: ९ टक्के. २००८: ११. २०१२: १२. २०१६: ११. २०२०: १६. २०२४: १२. ही लिबरल पक्षांची मिळून यादीवरची बेरीज आहे, आसन्न आकड्यांत (२०२० आणि २०२४ मध्ये फक्त लिबरल मूव्हमेंट आणि फ्रीडम पार्टी धरल्या आहेत). मतदार जागचा हललेला नाही. पाटी बदलत राहिली.

मेनरोड_१८४०

@आकडेमोड, तक्ता उत्तम. पण मतं मूव्हमेंटकडेच का गेली आणि मूळ पक्षाकडे का थांबली नाहीत, हे गणितातून कळत नाही. दोघेही २००८ ते २०१२ एकाच सरकारात होते, कन्झर्वेटिव्ह अंद्रियुस कुबिलियुस यांच्या. दोघांनीही तीच कपात केली आणि तीच करवाढ केली. म्हणून कारण सरकारात असण्यापलीकडे शोधायला हवं.

त्या सरकारचा काळ भयंकर होता. २००९ मध्ये लिथुआनियाचं उत्पन्न साधारण १५ टक्क्यांनी आकसलं. व्हॅट १८ चा १९ आणि त्याच वर्षात २१ झाला. पगार आणि पेन्शनी कापल्या. १६ जानेवारी २००९ रोजी सेइमाससमोर दगडफेक झाली आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. कर कमी करू, धंद्याच्या वाटेतून सरकार बाजूला करू, असं सांगून मतं मागितलेल्या पक्षांनी हे केलं. छोटे दुकानदार आणि स्वतःचा व्यवसाय करणारे, म्हणजे लिबरलांचा कणा, सगळ्यात जास्त चिडले ते याच मुद्द्यावर.

मूव्हमेंटला यातून तरायला दोन गोष्टी कामी आल्या. एक, त्यांच्याकडे शिक्षण, न्याय आणि वाहतूक ही खाती होती. उच्चशिक्षणाच्या सुधारणेवर टीका झाली तरी "यांनी काहीतरी केलं" असं दाखवता आलं. दुसरी मोठी. २०१२ च्या फेब्रुवारीत गृहमंत्री रायमुंदास पालाइतिस यांनी आर्थिक गुन्हे तपास यंत्रणेचे प्रमुख वितालियुस गाइलियुस आणि त्यांच्या उपप्रमुखांना काढून टाकलं. पालाइतिस हे लिबरल अँड सेंटर युनियनचे. देशभर ओरड झाली, सरकार डळमळलं, शेवटी पालाइतिस यांना जावं लागलं. त्याच वर्षीच्या निवडणुकीत गाइलियुस मूव्हमेंटकडून निवडून आले. "स्वच्छ लिबरल" कोण आणि "तसले लिबरल" कोण, याचा निकाल मतदाराच्या मनात तिथे लागला.

आणि हा शिक्का जुना होता. २००६ च्या फुटीचं मूळही तेच. रुबिकॉन या उद्योगसमूहाच्या कागदपत्रांत एका "अबोनेंतास" नावाच्या खात्यापुढे रकमा लिहिलेल्या सापडल्या. ते झुओकास असल्याचा आरोप झाला, त्यांनी तो नाकारला. पक्षातल्या एका गटाचं म्हणणं होतं की चौकशी मिटेपर्यंत त्यांनी अध्यक्षपदावरून बाजूला व्हावं. ते झाले नाहीत, पक्षाने त्यांनाच पाठीशी घातलं, आणि तो गट उठून गेला. उठून जाणं तिथे सोपंही आहे. आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही. घटनेने खासदाराला सदसद्विवेकाप्रमाणे वागायची मोकळीक दिलेली आहे, पक्ष सोडला तरी जागा जात नाही. आपल्या दहाव्या परिशिष्टातला दोन तृतीयांशचा हिशेब तिथे कोणाला करावा लागत नाही.

आणखी एक चूक २०११ ची. टीव्हीवरचे कलाकार अरूनास वालिन्स्कास यांचा नॅशनल रिसरेक्शन पक्ष २००८ मध्ये १५ टक्के मतं आणि १६ जागा घेऊन आला आणि दोन वर्षांत विरून गेला. त्याचे उरलेसुरले खासदार लिबरल अँड सेंटर युनियनने विलीन करून घेतले. सभागृहात बाकं भरली, आकडा फुगला. गावोगावी मात्र ना कार्यकर्ता वाढला ना मत. विलीनीकरणात खासदार येतात, मतदार येत नाहीत. २००३ च्या विलीनीकरणातही हेच झालं होतं, कारण सेंटर युनियन २००० मध्येच उंबरठ्याखाली गेलेली होती.

गोदाकाठचा_वाचक (नाशिक)

सगळ्यांचे आभार. खूपच स्पष्ट झालं. दोन शंका. लिबरल मूव्हमेंट "स्वच्छ" म्हणून वाढली तर २०१६ मध्ये तिच्या अध्यक्षांवर लाचेचा आरोप झाला, तरी ती बुडली का नाही? आणि फ्रीडम पार्टीला २०२० मध्ये ९ टक्के मतं, २०२४ मध्ये एकही जागा नाही. तिथे तर आरोपही नव्हते. मग काय झालं?

पंचवटी_एक्स्प्रेस

पहिल्या शंकेचं उत्तर. २०१६ च्या वसंतात लिबरल मूव्हमेंट शिखरावर होती. २०१४ च्या युरोपियन संसदेच्या निवडणुकीत साडेसोळा टक्के. २०१५ मध्ये महापौर पहिल्यांदाच थेट जनतेतून निवडले गेले आणि विल्न्युस, क्लाइपेदा ही दोन मोठी शहरं यांनी जिंकली. (तोवर तिथला महापौर नगरपरिषदेचे सदस्य निवडायचे, आपल्या महापालिकेत नगरसेवक निवडतात तसा.) विल्न्युसमध्ये रेमिगियुस शिमाशियुस यांनी हरवलं ते झुओकास यांनाच.

मे २०१६ मध्ये अध्यक्ष मासिउलिस यांच्यावर एमजी बाल्टिक या उद्योगसमूहाच्या उपाध्यक्षांकडून एक लाख सहा हजार युरो लाच घेतल्याचा आरोप आला. आता २००६ आणि २०१६ शेजारी ठेवून बघा. मासिउलिस यांनी लगेच अध्यक्षपद सोडलं, खासदारकी सोडली, पक्षही सोडला. पक्ष त्यांच्या पाठीशी उभा राहिला नाही. पाच महिन्यांनी निवडणूक झाली, ९ टक्के मतं आणि १४ जागा आल्या. १६ च्या अपेक्षेवर ९ म्हणजे मोठा फटका, पण उंबरठ्याच्या चार टक्के वर. खटला पुढे लांबला. खालच्या कोर्टाने २०२२ मध्ये निर्दोष सोडलं, अपील कोर्टाने २०२३ च्या डिसेंबरात दोषी ठरवून साडेपाच वर्षांची शिक्षा दिली.

आरोप दोन्ही पक्षांवर आले. एकाने माणूस वाचवला आणि पक्ष घालवला. दुसऱ्याने माणूस सोडला आणि पक्ष राहिला. सत्रात या दोन प्रसंगांना दहा मिनिटं द्याच.

२०१९ पासून मूव्हमेंटचं नेतृत्व विक्टोरिया च्मिलिते-नील्सन यांच्याकडे. त्या बुद्धिबळाच्या ग्रँडमास्टर, २०११ च्या युरोपियन महिला विजेत्या. त्यांचे पती पीटर हाइने नील्सन हे विश्वनाथन आनंदच्या विश्वविजेतेपदाच्या लढतींतले सहायक. विदित गुजराथीच्या गावात हे सांगितलंत तर मागच्या रांगेतली पोरंही मान वर करतील. २०२० ते २०२४ त्या सेइमासच्या सभापती होत्या.

इंदिरानगर_वाचनकट्टा

दुसऱ्या शंकेचं उत्तर मी देते. फ्रीडम पार्टीची गोष्ट शिकण्यासारखी आहे, कारण इथे नेहमीची कारणं लागू पडत नाहीत.

२०१९ मध्ये आउश्रिने आर्मोनाइते आणि महापौर शिमाशियुस यांनी ती काढली. २०२० मध्ये सुमारे ९ टक्के मतं, यादीतून ८ आणि एकल मतदारसंघांतून ३, एकूण ११ जागा. त्याच वेळी लिबरल मूव्हमेंटला ७ टक्क्यांच्या आसपास, ६ अधिक ७ म्हणजे १३. दोघेही इंग्रिदा शिमोनिते यांच्या सरकारात गेले. आर्मोनाइते अर्थव्यवस्था आणि नवोपक्रम मंत्री, एवेलिना डोब्रोव्होल्स्का न्यायमंत्री.

त्यांनी मतं मागितली होती दोन ठसठशीत वचनांवर: समलिंगी जोडप्यांना नोंदणीकृत सहजीवनाचा कायदा, आणि गांजाची अल्प मात्रा जवळ बाळगणं गुन्ह्यातून काढणं. पहिलं विधेयक मे २०२१ मध्ये पहिल्याच वाचनात अगदी थोड्या मतांनी पडलं. पुढच्या वर्षी नवं विधेयक आलं, पहिले टप्पे पार झाले, पण अखेरची मंजुरी २०२४ पर्यंत मिळाली नाही. आघाडीतल्या कन्झर्वेटिव्ह पक्षातच मतं पुरी होत नव्हती. एकाच वचनावर निवडून आलेल्या ११ जणांना ते पुरं करायला १४१ च्या सभागृहात ७० च्या आसपास मतं लागतात, आणि ती दुसऱ्यांच्या हातात असतात. मतदार मात्र हिशेब ११ जणांनाच विचारतो. (घटना न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये सहजीवनाच्या हक्काच्या बाजूने निकाल दिला. तोवर पक्ष संसदेबाहेर होता.)

दुसरं कारण विल्न्युस. २०२३ मध्ये शिमाशियुस महापौरपदाला उभे राहिले नाहीत, पक्षाचा दुसरा उमेदवार दुसऱ्या फेरीतही पोचला नाही. ती फेरी झाली कन्झर्वेटिव्ह वाल्दास बेनकुन्स्कास आणि परत आलेले झुओकास यांच्यात, आणि बेनकुन्स्कास जिंकले. तिथल्या प्रत्येक लिबरल पक्षाचा संसार विल्न्युसच्या महापौरपदावर चाललेला आहे: पाक्सास, झुओकास, शिमाशियुस. पद गेलं की चेहरा, कर्मचारी, रोजच्या बातमीतलं नाव, सगळं एकदम जातं.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जून २०२४ च्या युरोपियन संसदेच्या निवडणुकीत याच पक्षाला ८ टक्के मतं आणि एक जागा मिळाली, घटना न्यायालयाचे माजी अध्यक्ष दाइनियुस झालिमास यांची. चार महिन्यांनी सेइमासला साडेचार टक्के. मतदार चार महिन्यांत निम्मे पळाले का? आकडे नीट बघा. जूनमध्ये मतदान २९ टक्के, ऑक्टोबरमध्ये ५२ टक्के. शहरातला शिकलेला, ठरवून मत देणारा मतदार जूनमध्येही आला. ऑक्टोबरमध्ये बाकीचा देश आला आणि भाजक वाढला. ८ टक्क्यांचा २९ शी गुणाकार केला तर एकूण नोंदलेल्या मतदारांच्या २.३ टक्के येतात. साडेचार टक्क्यांचा ५२ शी केला तरी तेवढेच. पक्षाला मतं पडली तितकीच, भोवतालची गर्दी वाढली. जूनच्या ८ टक्क्यांवर विसंबून ज्यांनी ऑक्टोबरची आखणी केली, ते तिथेच फसले.

२०२० मध्ये उंबरठा ३ टक्क्यांवर आणायचा कायदा सेइमासने केला होता. राष्ट्राध्यक्ष नाउसेदा यांनी तो परत पाठवला आणि ५ टक्केच कायम राहिले. तो लागू झाला असता तर फ्रीडम पार्टी आज यादीतल्या तीन-चार जागांसह आत असती. आर्मोनाइते यांनी पराभवानंतर अध्यक्षपद सोडलं.

लासलगाव_बाजारभाव

आपल्याशी तुलना करायचीच असेल तर माणसांवर न घसरता करता येते, पण नीट जोडी निवडा. लोक लगेच आपल्याकडच्या 'स्वतंत्र पक्ष' नावाच्या जुन्या पक्षाचं उदाहरण काढतात. १९५९ मध्ये स्थापना, १९६७ मध्ये लोकसभेत ४४, १९७१ मध्ये ८, १९७४ मध्ये भारतीय लोकदलात विलीन. कमान तीच दिसते. पण स्वतंत्रच्या मागे संस्थानिक आणि मोठे जमीनदार होते. विल्न्युसमधल्या सॉफ्टवेअरवाल्या तरुण मतदाराशी त्यांचं नातं लावता येत नाही.

नाशिकच्या लोकांनी जवळचं उदाहरण विसरू नये. कांद्याला सरकारने हात लावू नये, निर्यात खुली ठेवावी, शेतकऱ्याला बाजाराचं स्वातंत्र्य द्यावं, हे म्हणणं शरद जोशींनी याच जिल्ह्यातून १९८० च्या आंदोलनात उभं केलं. विचाराने हा देशातला सगळ्यात सच्चा लिबरल प्रवाह. १९९४ मध्ये त्यातून स्वतंत्र भारत पक्ष झाला. सभेला लाखाची गर्दी जमवणाऱ्या चळवळीला विधानसभेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच जागा मिळाल्या. इथे ५ टक्क्यांची अट नव्हती, पण त्याहून कडक अट होती: प्रत्येक मतदारसंघात पहिला नंबर. जिल्हाभर पसरलेली दहा टक्के मतं आपल्या पद्धतीत शून्य जागा देतात. तीच दहा टक्के लिथुआनियात यादीच्या आठ-नऊ जागा देतात. उदारमतवादी तिथे पुन्हापुन्हा परत येऊ शकतात ते यादीमुळे, आणि पुन्हापुन्हा बाहेर जातात तेही यादीच्या उंबरठ्यामुळे.

आकारमानही सांगा, नाहीतर श्रोते गोंधळतात. लिथुआनियाची लोकसंख्या २९ लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या नाशिक जिल्ह्याची ६१ लाख. आपल्या जिल्ह्यात विधानसभेच्या जागा १५, त्यांच्याकडे खासदार १४१. त्यांचा एक एकल मतदारसंघ मतदारसंख्येने आपल्या महापालिकेच्या चार नगरसेवकांच्या प्रभागाएवढा. तिथे एखादा चांगला डॉक्टर किंवा माजी महापौर स्वतःच्या ओळखीवर निवडून येतो. युनियनच्या २००४ मधल्या ११ एकल जागा अशाच होत्या. फूट पडल्यावर ही माणसं दोन्हीकडे विभागली आणि ३ अधिक ६ झाल्या.

आकडेमोड_सिडको

सत्राच्या तयारीसाठी दोन सूचना.

आकडे तिथल्या केंद्रीय निवडणूक आयोगाच्या निकालपत्रांतून घ्या. तिथे प्रत्येक पक्षापुढे टक्केवारीचे दोन रकाने असतात: एक वैध मतांचा, दुसरा मतदानाला आलेल्या सगळ्यांचा. वेगवेगळ्या लेखांत एकाच पक्षाचे थोडे वेगळे आकडे दिसतात ते यामुळे. उंबरठा बघायचा तर दुसरा रकाना. तक्त्यात दोन्ही मिसळू नका, एक आकडा एका रकान्यातून आणि दुसरा दुसऱ्यातून असं झालं की बेरजा चुकतात.

२००० चा आकडा तक्त्यात घालू नका, किंवा घातलात तर वेगळी रेघ ओढा. त्या एका निवडणुकीत एकल मतदारसंघांत दुसरी फेरी नव्हती, पहिल्याच फेरीत जास्त मतं मिळवणारा जिंकला. २००४ पासून दुसरी फेरी परत आली. २००० च्या तिसांवर जागांत या बदलाचा आणि पाक्सास यांचा वाटा आहे, त्यामुळे "३४ वरून १८ वर घसरण" अशी सरळ रेघ मारली तर ती खोटी ठरते. पाक्सास स्वतःच्या पक्षातून लढले त्या २००४ मध्ये त्यांच्या आघाडीला ११ टक्के आणि लिबरल अँड सेंटर युनियनला ९ टक्के मिळाले. २००० चे १७ टक्के कुठून आले होते हे त्या दोन आकड्यांत दिसतं.

२००८ ची वाटणी श्रोत्यांकडूनच करून घ्या. सात पक्षांचे टक्के फळ्यावर लिहा: १९.७, १५.१, १२.७, ११.७, ९, ५.७, ५.३. बेरीज करा, ७० ने भागा, शिल्लक काढा. उत्तर १८, १३, ११, १०, ८, ५, ५ यायला हवं. मग शेवटचा ५.३ पुसून तिथे ४.९ लिहा आणि पुन्हा वाटणी करायला सांगा. आता पक्ष सहा, बेरीज ७४ च्या आसपास, आणि त्या पाच जागा बाकीच्यांत, बहुतेक वरच्या मोठ्या पक्षांकडे, जातात.